एक लाखाची रेघ

२६ जून २००८ रोजी न्यूयॉर्कचे सिनेटर चार्ल्स शूमर यांनी अमेरिकेतल्या बँक नियामकांना पत्र लिहिलं आणि ते लगेच वृत्तपत्रांतही आलं. पत्राचा विषय होता कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेना शहरातली इंडीमॅक बँक. या बँकेची प्रकृती झपाट्याने ढासळते आहे, ती बुडाली तर करदात्यांना आणि कर्जदारांना फटका बसेल, वेळीच लक्ष घाला, असा त्याचा आशय होता. पुढच्या ११ कामकाजी दिवसांत ठेवीदारांनी इंडीमॅकमधून १३० कोटी डॉलर काढून नेले. ७ जुलैला बँकेने बहुतेक नवी कर्जं बंद केली आणि ३,८०० कर्मचाऱ्यांना कामावरून कमी करणार असल्याचं जाहीर केलं. ११ जुलैला, शुक्रवारी, सरकारने बँक ताब्यात घेतली.

बँकेवर देखरेख करणाऱ्या ऑफिस ऑफ थ्रिफ्ट सुपरव्हिजन या खात्याच्या संचालकांनी त्याच दिवशी सगळं खापर शूमर यांच्या पत्रावर फोडलं. शूमर यांनी ते परत खात्याच्याच दारात नेऊन ठेवलं. पत्राने ठेवीदार बिथरले, यात शंका नाही. पण बँकेला लागलेली कीड पत्राच्या कितीतरी आधीची होती, आणि खात्याला ती दिसत होती.

इंडीमॅकचा जन्म १९८५चा. कंट्रीवाइड या बलाढ्य गृहकर्ज कंपनीच्या डेव्हिड लोब आणि अँजेलो मोझिलो या संस्थापकांनी ती जोडकंपनी म्हणून काढली. १९९७मध्ये ती स्वतंत्र झाली आणि २०००मध्ये एक छोटी बँक विकत घेऊन स्वतःच बँक बनली. तिची खासियत होती मधल्या पायरीवरची कर्जं. कर्जदाराची पत अगदी वाईट नसायची, पण उत्पन्नाचा पुरावा अपुरा असायचा किंवा मागितलाच जायचा नाही. माणूस सांगेल तेवढा पगार अर्जावर लिहिला जाई. काही कर्जांत तर महिन्याला किती भरायचं हे कर्जदारानेच ठरवायचं. व्याजाइतकीही रक्कम भरली नाही तर उरलेलं व्याज मुद्दलात जमा होई. नियमित हप्ते भरणाऱ्याचं कर्ज दर महिन्याला वाढत जातं, असा हा प्रकार.

असं कर्ज कोणती बँक देईल? जिला ते स्वतःजवळ ठेवायचंच नाही ती. कर्जं द्यायची, त्यांचा गठ्ठा बांधायचा, वॉल स्ट्रीटवर रोख्यांच्या रूपात विकायचा आणि आलेल्या पैशातून पुढची कर्जं द्यायची, हे चक्र फिरत होतं. २००६ या एका वर्षात इंडीमॅकने ९,००० कोटी डॉलरहून अधिक गृहकर्जं दिली. घरांच्या किमती वर जात होत्या तोवर कुणाचंच काही अडत नव्हतं. हप्ता झेपेनासा झाला की घर विकून किंवा नवं कर्ज काढून जुनं फेडता येत होतं.

दरम्यान व्याजदर वर चालले होते. अमेरिकेची मध्यवर्ती बँक असलेल्या फेडरल रिझर्व्हने जून २००३मध्ये व्याजदर १ टक्क्यावर आणला होता. जून २००४ ते जून २००६ या दोन वर्षांत तो पाव-पाव टक्क्याने १७ वेळा वाढवून सव्वापाच टक्क्यांवर नेला. त्याच सुमारास घरांच्या किमतींनी शिखर गाठलं आणि मग उतरण सुरू झाली. लास व्हेगासमध्ये तर पुढच्या काही वर्षांत त्या निम्म्याहून खाली आल्या. एप्रिल २००७मध्ये कॅलिफोर्नियातल्याच न्यू सेंच्युरी या कर्ज कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. ९ ऑगस्टला बीएनपी पारिबा या फ्रेंच बँकेने आपल्या तीन फंडांतून पैसे काढणं थांबवलं, कारण फंडांतल्या अमेरिकी रोख्यांची किंमत ठरवणंच अशक्य झालं होतं. गठ्ठे विकत घेणारा बाजार गोठला. चक्र थांबलं तेव्हा १,०७० कोटी डॉलरची कर्जं इंडीमॅकच्या हातात अडकून पडली. विकायला आणलेला माल घरातच राहिला, आणि तो दिवसेंदिवस खराब होत गेला.

मे २००८मध्ये जे घडलं ते या कहाणीतलं सर्वांत संतापजनक पान आहे. भांडवल एका ठरावीक पातळीखाली गेलं की दलालांमार्फत येणाऱ्या ठेवी घ्यायला बँकेवर निर्बंध येतात. मार्चअखेरच्या हिशेबात इंडीमॅक त्या पातळीच्या खाली घसरण्याच्या बेतात होती. तिच्या मूळ कंपनीने मे महिन्यात १ कोटी ८० लाख डॉलर बँकेत घातले आणि ही रक्कम ३१ मार्चलाच आली होती असं दाखवायची परवानगी देखरेख खात्याच्या विभागीय संचालकाने दिली. मागची तारीख टाकून बँक कागदावर धडधाकट ठरवली गेली, आणि ठेवीदार तिच्यात पैसे ठेवत राहिले. सरकारी महानिरीक्षकांच्या चौकशीत हे डिसेंबर २००८मध्ये उघड झालं, तेव्हा त्या अधिकाऱ्याला पदावरून हलवलं गेलं. तोवर बँक बुडून पाच महिने झाले होते.

सोमवारी, १४ जुलैला, पॅसाडेनापासून एन्सिनोपर्यंत इंडीमॅकच्या शाखांसमोर रांगा लागल्या. कॅलिफोर्नियाच्या उन्हात म्हातारी माणसं तासन्‌तास उभी होती. एन्सिनोच्या शाखेवर रांगेत नंबरावरून वादावादी झाली, पोलीस बोलवावे लागले. ज्यांनी धनादेशाने पैसे काढले त्यांची परवड तिथेच संपली नाही. वॉशिंग्टन म्युच्युअलसारख्या बँका इंडीमॅकचे धनादेश घेऊन कित्येक आठवडे रोखून ठेवू लागल्या.

या रांगेत उभ्या असलेल्यांपैकी बहुतेकांचा पैसा पूर्ण सुरक्षित होता. अमेरिकेत ठेवींचा विमा उतरवणारं सरकारी महामंडळ आहे, एफडीआयसी. १९३०च्या महामंदीत हजारो बँका बुडाल्यावर १९३३च्या कायद्याने ते उभं राहिलं. १ जानेवारी १९३४ला त्याचं संरक्षण सुरू झालं तेव्हा मर्यादा होती २,५०० डॉलर. वाढत वाढत १९८०मध्ये ती १ लाख डॉलर झाली आणि २८ वर्षं तिथेच थांबली. त्या काळात घरं महागली, पगार वाढले, निवृत्तीची पुंजी वाढली. घर विकून आलेले पैसे, नवऱ्याच्या मृत्यूनंतर मिळालेली विम्याची रक्कम, आयुष्यभराची शिल्लक, हे सगळं एकाच खात्यात ठेवणारी माणसं नकळत या मर्यादेच्या रेघेपलीकडे गेली होती. इंडीमॅकमध्ये असे सुमारे १०,००० ठेवीदार होते आणि रेघेपलीकडची त्यांची रक्कम होती जवळपास १०० कोटी डॉलर. महामंडळाने त्यांना त्यातले निम्मे लगेच दिले. उरलेल्या निम्म्यासाठी एक पावती हाती आली: बँकेची मालमत्ता विकून काही उरलं तर बघू.

अशी रेघ माणसाला कसं धावायला लावते, हे ब्रिटनने दहा महिने आधी पाहिलं होतं. १३ सप्टेंबर २००७च्या रात्री बीबीसीने बातमी दिली की नॉर्दर्न रॉक या गृहकर्ज बँकेने बँक ऑफ इंग्लंडकडे तातडीची मदत मागितली आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी देशभर तिच्या शाखांबाहेर रांगा होत्या. तेव्हाच्या ब्रिटिश नियमाने पहिले २,००० पौंड पूर्ण सुरक्षित होते, पुढच्या ३३,००० पौंडांपैकी ९० टक्के, आणि त्यापुढे काहीच नाही. म्हणजे बँक बुडाली तर साध्या बचतदारालाही कात्री लागणारच होती. रांगेत उभं राहणं हा वेडेपणा नव्हता, तो सरळ हिशेब होता. १७ सप्टेंबरला अर्थमंत्री अॅलिस्टर डार्लिंग यांनी बँकेतल्या सगळ्या ठेवींची हमी दिली तेव्हा रांगा ओसरल्या. ब्रिटनमध्ये बँकेवर अशी धाव १८६६नंतर प्रथमच पडली होती. त्या वर्षी लंडनची ओव्हरएंड गर्नी ही पेढी बुडाली, आणि कापसाच्या तेजीनंतर समभागांच्या सट्ट्यात आधीच होरपळलेल्या मुंबईलाही तिची झळ पोचली होती.

भारतातल्या ठेव विम्यामागेही अशीच एक पडझड आहे, आणि तिचं एक टोक विदर्भात आहे. १९६०मध्ये केरळची पलाई सेंट्रल बँक आणि अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली. त्यानंतर १९६१चा कायदा झाला आणि १ जानेवारी १९६२पासून ठेवींना विमा मिळाला. मर्यादा होती दीड हजार रुपये. १९९३मध्ये ती १ लाखावर आली आणि तिथे २७ वर्षं राहिली.

इंडीमॅक बंद झाली त्या दिवसांत बाजाराने एकामागून एक धक्के खाल्ले. फॅनी मे आणि फ्रेडी मॅक या दोन कंपन्या मिळून सुमारे ५ लाख कोटी डॉलरच्या गृहकर्जांच्या मालक किंवा हमीदार होत्या. अमेरिकेतलं जवळपास निम्मं गृहकर्ज त्यांच्या खांद्यावर होतं. त्यांच्या समभागांचा भाव एका आठवड्यात जवळपास निम्मा झाला. त्याच ११ जुलैला खनिज तेल पिंपाला १४७ डॉलरवर पोचलं. रविवारी, १३ तारखेला, अर्थमंत्री हेन्री पॉलसन यांना या दोन कंपन्यांमागे सरकार उभं असल्याचं जाहीर करावं लागलं. सोमवारी वॉशिंग्टन म्युच्युअलचा समभाग एका दिवसात सुमारे ३५ टक्क्यांनी कोसळला. मंगळवारी डाऊ जोन्स निर्देशांक ११,०००च्या खाली बंद झाला आणि रोखे बाजाराच्या नियामकाने १९ वित्तसंस्थांचे समभाग उसनेही न घेता विकण्याच्या उद्योगावर बंदी जाहीर केली. फॅनी आणि फ्रेडी सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्याअखेर सरकारच्या ताब्यात गेल्या.

पॅसाडेनाच्या रांगा दूरचित्रवाणीवर दिसल्या. २००८मधल्या त्याहून मोठ्या धावा कुणालाही दिसल्या नाहीत, आणि त्या वर्षाच्या इतिहासात हीच गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. मार्चमध्ये बेअर स्टर्न्स ही गुंतवणूक पेढी कोसळली तेव्हा एकही बचतदार तिच्या दारात उभा नव्हता. तिला रात्रीपुरतं कर्ज देणाऱ्या संस्थांनी दुसऱ्या सकाळी ते पुन्हा द्यायला नकार दिला, एवढंच घडलं. काही दिवसांत तिच्याकडची रोकड १,८०० कोटी डॉलरवरून २०० कोटींवर आली. १५ सप्टेंबरला लेहमन ब्रदर्स या दुसऱ्या गुंतवणूक पेढीने दिवाळखोरी पत्करली. दुसऱ्या दिवशी रिझर्व्ह प्रायमरी फंड या अल्पमुदतीच्या फंडाच्या १ डॉलरच्या युनिटची किंमत ९७ सेंटवर आली, कारण त्याच्याकडे लेहमनचे ७८.५ कोटी डॉलरचे कागद होते. असे फंड लोक बँकेतल्या ठेवीइतकेच सुरक्षित मानत. मोठमोठ्या कंपन्यांच्या पगाराचे पैसे त्यांत ठेवलेले असत. या पैशांवर विमा नव्हता आणि ते काढायला रांगेची गरज नव्हती, एक दूरध्वनी पुरे होता. १९ सप्टेंबरला सरकारने अशा फंडांनाही तात्पुरती हमी दिली.

मग वॉशिंग्टन म्युच्युअलची पाळी आली. सिएटल शहर १८८९मध्ये आगीत बेचिराख झालं, त्याच वर्षी घरं पुन्हा बांधू पाहणाऱ्यांना कर्ज देण्यासाठी ही संस्था उभी राहिली होती. लोक तिला लाडाने ‘वामू’ म्हणत. २,२००हून अधिक शाखा, ३०,७०० कोटी डॉलरची मालमत्ता, १८,८०० कोटींच्या ठेवी. नव्या शतकात तिनेही इंडीमॅकचीच वाट धरली होती: हप्ता कर्जदाराच्या मर्जीवर, उत्पन्नाची चौकशी जुजबी. देखरेख करणारं खातंही तेच. इंडीमॅक बुडाल्यावर जुलैमध्येच तिच्यातून सुमारे १,००० कोटी डॉलर बाहेर गेले होते. लेहमननंतरच्या दहा दिवसांत आणखी १,६७० कोटी गेले. माणसं शाखेत येत होती, पण संगणकाच्या पडद्यावरून जाणारा पैसा कितीतरी मोठा होता, आणि त्यात रेघेपलीकडच्या ठेवी आघाडीवर होत्या.

बँका शुक्रवारी संध्याकाळी बंद करायच्या, म्हणजे शनिवार-रविवारी हिशेब लावता येतात, हा एफडीआयसीचा रिवाज. वामूसाठी तेवढी उसंत नव्हती. २५ सप्टेंबरला, गुरुवारी, ती ताब्यात घेतली गेली आणि त्याच रात्री १९० कोटी डॉलरला जेपी मॉर्गन चेसला विकली गेली. अमेरिकेच्या इतिहासातलं हे आजवरचं सर्वांत मोठं बँकबुडीचं प्रकरण. कार्यकारी प्रमुख अॅलन फिशमन यांना खुर्चीत बसून अवघे १७ दिवस झाले होते. ठेवीदारांचा एक सेंटही बुडाला नाही. रेघेपलीकडचेही वाचले, कारण जेपी मॉर्गनने सगळ्या ठेवी घेतल्या. बुडाले ते बँकेचे भागधारक आणि रोखेधारक.

त्याचा परिणाम दुसऱ्याच दिवशी वाकोव्हिया या आणखी मोठ्या बँकेवर झाला. २००६मध्ये घरांच्या किमती शिखरावर असताना तिने गोल्डन वेस्ट ही गृहकर्ज संस्था सुमारे २,४०० कोटी डॉलरला विकत घेतली होती, आणि तीच तिच्या गळ्याशी आली. वामूच्या रोखेधारकांचं काय झालं ते पाहून वाकोव्हियाचे धनको पळू लागले. एफडीआयसीच्या अध्यक्ष शीला बेअर यांनी सोमवार उजाडण्याआधी खरेदीदार शोधला: सिटीग्रुप. तिचे प्रमुख होते नागपुरात जन्मलेले विक्रम पंडित. २१६ कोटी डॉलरला वाकोव्हियाचा बँक व्यवसाय घ्यायचा, मोठा तोटा झाला तर काही भार सरकारने उचलायचा, असं ठरलं. चार दिवसांनी वेल्स फार्गोने सरकारी मदतीशिवाय सुमारे १,५०० कोटी देऊ केले आणि सौदा सिटीच्या हातून गेला. पंडित यांच्या बँकेला वाकोव्हियाच्या ठेवींची फार गरज होती, हे लवकरच दिसलं. नोव्हेंबरच्या अखेरीस सरकारने सिटीच्या ३०,६०० कोटी डॉलरच्या मालमत्तेला हमी दिली, आणि मार्च २००९मध्ये तिचा समभाग एका डॉलरच्याही खाली गेला.

दरम्यान २९ सप्टेंबरला अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाने वित्तसंस्थांसाठीची ७०,००० कोटी डॉलरची बचाव योजना २२८ विरुद्ध २०५ मतांनी फेटाळली. डाऊ जोन्स त्या दिवशी ७७७ अंकांनी पडला. ३ ऑक्टोबरला तीच योजना सुधारून मंजूर झाली. सुधारणांमधल्या एका कलमाची चर्चा तेव्हा फारशी झाली नाही, पण लाखो कुटुंबांसाठी तेच सर्वांत मोलाचं होतं: ठेव विम्याची मर्यादा १ लाखावरून अडीच लाख डॉलर.

त्याच दिवसांत अस्वस्थतेची लाट मुंबईतही पोचली. जानेवारी २००८मध्ये २१,०००च्या पुढे गेलेला सेन्सेक्स २७ ऑक्टोबरला दिवसभरात ८,०००च्या खाली उतरून आला. सप्टेंबरच्या अखेरीस आयसीआयसीआय बँकेविषयी अफवा उठल्या. तिच्या ब्रिटनमधल्या उपकंपनीकडे लेहमनचे रोखे होते, पण बँकेच्या आकारापुढे ती रक्कम किरकोळ होती. तरीही एटीएमपुढे गर्दी झाली. ३० सप्टेंबरला रिझर्व्ह बँकेने निवेदन काढून सांगितलं की बँकेकडे पुरेशी रोकड आहे आणि लागेल तशी पुरवली जाईल. गव्हर्नर दुव्वुरी सुब्बाराव यांना पदावर येऊन महिनाही झाला नव्हता. पुढच्या पाच आठवड्यांत बँकांनी रिझर्व्ह बँकेकडे ठेवायच्या रोकडीचं, म्हणजे रोख राखीव, प्रमाण ९ टक्क्यांवरून साडेपाचवर आलं. भारतात ती धाव वेळीच थांबली.

अमेरिकेत बँका बुडतच राहिल्या. २००५ आणि २००६मध्ये तिथे एकही बँक बुडाली नव्हती. २००८मध्ये २५ बुडाल्या, २००९मध्ये १४०, २०१०मध्ये १५७. विमा महामंडळाचा निधी २००९मध्ये शून्याखाली गेला आणि बँकांना तीन वर्षांचा हप्ता आगाऊ भरायला लावावा लागला. मागच्या तारखेची परवानगी देणारं देखरेख खातं पुढे कायमचं बंद झालं. इंडीमॅक मार्च २००९मध्ये स्टीव्हन म्नुचिन यांच्या नेतृत्वाखालील गुंतवणूकदारांनी घेतली; हेच म्नुचिन २०१७मध्ये अमेरिकेचे अर्थमंत्री झाले. एकट्या २००८मध्ये अमेरिकेत सुमारे २३ लाख मालमत्तांवर जप्तीची कारवाई सुरू झाली होती. ठेवीदाराला विमा असतो, हप्ता थकलेल्या घरमालकाला तसं काहीच नसतं.

पॅसाडेनाच्या त्या ठेवीदारांवर मात्र एक उघड अन्याय झाला होता. बँक ११ जुलैला बंद झाली आणि मर्यादा ३ ऑक्टोबरला वाढली; बारा आठवड्यांच्या फरकाने त्यांचे रेघेपलीकडचे निम्मे पैसे अडकले. वामूच्या ठेवीदारांचा पैसा एका रात्रीत नव्या बँकेत सुखरूप गेला, यांच्या हाती पावती राहिली. ते दोन वर्षं भांडत राहिले. २१ जुलै २०१०ला अध्यक्ष बराक ओबामा यांनी वित्तसुधारणांच्या कायद्यावर सही केली. त्याने अडीच लाखांची मर्यादा कायम केली आणि ती १ जानेवारी २००८पासून लागू झाल्याचं मानलं. रेघ मागच्या तारखेने सरकवली गेली, आणि बहुतेकांचे उरलेले पैसे परत आले.

महाराष्ट्रात रेघेचं हे प्रकरण वेगळ्या प्रकारे घडलं. मुंबईतल्या घरबांधणीला मंदीने ग्रासलं असताना एचडीआयएल ही विकासक कंपनी ऑगस्ट २०१९मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. २३ सप्टेंबरला रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आणले, तेव्हा बँकेच्या कर्जांपैकी सुमारे ७० टक्के याच एका समूहाकडे असल्याचं बाहेर आलं. पोलीस तक्रारीनुसार ती कर्जं २१,०००हून अधिक बनावट खात्यांआड दडवली होती. नऊ लाखांहून अधिक ठेवीदारांना आधी सहा महिन्यांत फक्त १,००० रुपये काढायची मुभा मिळाली, मग ती टप्प्याटप्प्याने वाढली. ठेव विम्याची मर्यादा तेव्हाही १ लाख रुपयेच होती. ४ फेब्रुवारी २०२०पासून ती ५ लाख झाली. २५ जानेवारी २०२२ला ही बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली तेव्हा ५ लाखांपर्यंतची रक्कम ठेवीदारांना मिळाली. त्यावरची रक्कम, अनेकांची निवृत्तीची पुंजी, टप्प्याटप्प्याने द्यायचं ठरलं. त्यातला शेवटचा टप्पा दहा वर्षांनंतरचा, म्हणजे २०३२चा आहे.